समुद्राला धुरा नसतो

[दृश्य: सकाळ. पूर्णेच्या खोऱ्यातलं एक गाव. ग्रामपंचायतीच्या आवारात पत्र्याची खोली, दारात निळ्या जारची रांग.]

निवेदन:
अकोला, अमरावती, बुलढाणा. या तीन जिल्ह्यांतून पूर्णा वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलाय खारपाणपट्टा. इथे बोअरला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. म्हणून गावोगावी हा आरओ प्लँट. आधी वाळूची टाकी, मग कार्बनची, मग कॅन्डल, म्हणजे बारीक गाळ धरणारी कांडी, मग दाबाचा पंप आणि शेवटी मेंब्रेन, म्हणजे मीठ अडवणारा पडदा. समोरच्या तोटीतून गोडं पाणी जारमध्ये पडतं.

कॅमेरा आता खोलीच्या मागे जातोय. तिकडे सहसा कोणी पाहत नाही.

[दृश्य: मागच्या भिंतीतून निघालेला पीव्हीसी पाइप. पाणी नालीत पडतंय. पाइपाच्या तोंडाशी पांढरा थर. त्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवलेला हात.]

निवेदन:
हा मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, लिटरला किती मिलिग्रॅम. बोअरच्या पाण्याचा आकडा दोन हजार. जारमधल्या पाण्याचा शंभर. आणि या मागच्या पाइपाचा? जवळपास चार हजार. मीठ कुठेच गेलेलं नाही. अर्ध्या पाण्यातलं काढून उरलेल्या अर्ध्यात ढकललंय, एवढंच. इथून ते नालीत, नालीतून नाल्यात, नाल्यातून पूर्णेत. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला.

प्लँट चालवणारा माणूस एका वाक्यात सगळं सांगतो: “कॅन्डल वेळेवर नाई बदलली का मेंब्रेन बसते, अन् मेंब्रेन बसली का गाव आपल्या दारात.”

हे वाक्य लक्षात असू द्या. जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पात नेमकं हेच झालं. फक्त तिथे दारात आलं ते गाव नव्हतं, शेजारचे देश होते.

[दृश्य: दोन वावरांमधला धुरा. एका बाजूला कपाशी, दुसऱ्या बाजूला तूर.]

निवेदन:
दोन वावरांमधल्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. धुऱ्यावरून तीन पिढ्या कोर्टात घालवलेली घरं कुठल्याही तालुक्यात सापडतील. पण धुरा असतो, म्हणून भांडता तरी येतं. तलाठ्याकडे नकाशा असतो, मोजणी आणता येते, दगड रोवता येतो. समुद्रात किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, त्या देशाची हद्द आणि २०० सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा हक्क. या रेषा कागदावर. पाण्याला त्या कोणी सांगितलेल्या नाहीत.

मग किरणोत्सर्गी पाणी समुद्रात सोडलं तर दाद कुठे मागायची? आंतरराष्ट्रीय कायदा आधी एकच गोष्ट विचारतो: ते सोडलं कशातून, जहाजातून की पाइपातून?

[दृश्य: जुन्या कृष्णधवल चित्रफिती. जहाजाच्या काठावरून समुद्रात ढकलली जाणारी पिंपं.]

निवेदन:
जहाजाची गोष्ट १९४६ ला सुरू होते. त्या वर्षी अमेरिकेने प्रशांत महासागरात किरणोत्सर्गी कचरा बुडवायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरालॉन बेटांभोवती १९७० पर्यंत सुमारे ४७,५०० पिंपं गेली. कचरा पिंपात घालायचा, वर काँक्रीट ओतायचं आणि काठावरून ढकलायचं. पिंप बुडेल आणि तळाशी शाबूत राहील, असा हिशेब. काही पिंपं बुडालीच नाहीत, त्यांच्यावर गोळ्या झाडाव्या लागल्या. गोळीने भोक पडलेल्या पिंपाच्या शाबूतपणाबद्दल वेगळं बोलायला नको.

ब्रिटन आणि युरोपातले इतर देश अटलांटिकमध्ये हेच करत होते. सोव्हिएत संघाने तर आर्क्टिकच्या कारा समुद्रात दोन अणुभट्ट्या आत असलेली के-२७ ही पाणबुडी १९८२ मध्ये बुडवली. ती अजून तळाशी आहे.

१९७२ च्या लंडन कराराने अतितीव्र किरणोत्सर्गी कचरा बुडवायला बंदी घातली. कमी तीव्रतेच्या कचऱ्याला मात्र परवाना मिळत राहिला. १९८० च्या सुमारास जपानने आपली पिंपं मारियाना बेटांच्या उत्तरेला बुडवायची योजना आखली, तेव्हा प्रशांत महासागरातली बेटं उठली. तो विरोध दक्षिण प्रशांत महासागर अण्वस्त्रमुक्त ठेवणाऱ्या १९८५ च्या रारोटोंगा कराराच्या कलमांत उतरला. १९८३ मध्ये लंडन कराराच्या देशांनी स्वतःहून थांबायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या खलाशांच्या संघटनेने पिंपं चढवायलाच नकार दिला. करारापेक्षा हमालीला नकार जास्त लवकर लागू पडला, असं आमचं मत.

[दृश्य: नकाशा. जपानचा समुद्र, व्लादिवोस्तोक.]

निवेदन:
आता ऑक्टोबर १९९३. टीएनटी-२७ या रशियन नौदलाच्या जहाजाने जपानच्या समुद्रात सुमारे ९०० टन किरणोत्सर्गी द्रव ओतला. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या लोकांनी ते चित्रित केलं. जपान संतापला. रशियाचं म्हणणं होतं, आमच्याकडे साठवायला टाक्या उरल्या नाहीत. दुसरी खेप रद्द झाली. नोव्हेंबरमध्ये लंडन कराराच्या बैठकीत समुद्रात किरणोत्सर्गी कचरा बुडवण्यावर सरसकट बंदीचा ठराव झाला आणि १९९४ च्या फेब्रुवारीत ती लागू झाली. रशियाने ती मान्य केली २००५ मध्ये. दरम्यान जपाननेच पैसे देऊन रशियाला तरंगता शुद्धीकरण प्रकल्प बांधून दिला, ‘लांदिश’.

“टाक्या उरल्या नाहीत.” हे कारण तीस वर्षांनी पुन्हा ऐकू येणार होतं, आणि तेव्हा बोलणारा जपान असणार होता.

[दृश्य: पुन्हा आरओ खोलीमागचा पाइप.]

निवेदन:
जहाजावर बंदी आली. पाइपावर नाही. लंडन करारातल्या ‘बुडवणे’ या शब्दाची व्याख्या जहाज, विमान, समुद्रातला प्लॅटफॉर्म किंवा तिथलं दुसरं मानवनिर्मित बांधकाम एवढ्यापुरती आहे. जमिनीवरून निघालेली नळी त्यात बसत नाही. म्हणजे एकच बादली होडीतून ओतली तर गुन्हा आणि किनाऱ्यावरून पाइपाने सोडली तर तो त्या देशाच्या परवान्याचा प्रश्न.

पाइपाचा सगळ्यात जुना वाद सेलाफिल्डचा. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर वापरलेलं अणुइंधन इथे विरघळवून त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढत. सांडपाणी पाइपाने आयरिश समुद्रात. सत्तरच्या दशकात इंधनकांड्या पाण्याच्या हौदात फार काळ पडून राहिल्या, त्यांचं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आवरण गंजलं आणि सिझियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य पाण्यात उतरलं. १९७५ या एका वर्षात पाइपातून गेलेलं सिझियम-१३७ होतं ५,२०० लाख कोटी बेक्वेरेल, म्हणजे सेकंदाला तेवढे अणू फुटतील इतकं. १९८५ मध्ये खनिज झिओलाइटचे चाळणस्तंभ बसले, तेव्हा आकडा कोसळला. तंत्र काही अगम्य नव्हतं. आपल्याकडे पाण्याचा जडपणा काढायला जे राळेचे मणी वापरतात, त्यांचाच हा भाऊबंद: एक आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, धरायचा, दुसरा सोडायचा.

त्याआधी १९८३ मध्ये ग्रीनपीसचे पाणबुडे या पाइपाचं तोंड बुजवायला गेले आणि नेमक्या त्याच दिवसांत चुकून सोडलेल्या द्रावणात सापडले. त्यांचे पोशाख आणि होडी दूषित झाली, लोकांना कित्येक महिने किनाऱ्यापासून दूर राहायला सांगितलं गेलं आणि कंपनीला न्यायालयात दंड झाला दहा हजार पौंड.

नव्वदच्या दशकातला पेच आणखी बोलका आहे. १९९४ मध्ये सेलाफिल्डने साठलेलं जुनं सांडपाणी साफ करायला नवा प्रकल्प सुरू केला. तो प्लुटोनियमसारखी जड मूलद्रव्यं काढायचा, टेक्नेशियम-९९ हे दुसरं किरणोत्सर्गी मूलद्रव्य नाही. टेक्नेशियम पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर जातं. आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधून वर, स्कॉटलंडला वळसा घालून, काही वर्षांत नॉर्वेच्या किनाऱ्याला. तिथल्या लॉबस्टरमध्ये आणि समुद्री शेवाळात ते साठलं. मात्रा खाण्यासाठी घातक नव्हती. पण नॉर्वेचं दुखणं मात्रेचं नव्हतंच. मासे विकून जगणाऱ्या देशाच्या मालावर ‘अणुसांडपाण्यातला’ हा शिक्का परवडत नाही. बाजार समितीत भिजलेल्या कापसाचं एक बोंड हातात धरून अख्ख्या गाडीचा भाव पाडलेला ज्याने पाहिलाय, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. उपाय निघाला २००४ मध्ये, टेक्नेशियमला साक्यात बसवणारं एक रसायन टाकून. मधली दहा वर्षं वाद चालला.

आयर्लंड मात्र कोर्टात गेला. २००१ मध्ये सेलाफिल्डच्या नव्या मॉक्स इंधन प्रकल्पाविरुद्ध. मॉक्स म्हणजे प्लुटोनियम आणि युरेनियम मिसळून केलेलं अणुइंधन. हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने डिसेंबरमध्ये आदेश दिला: प्रकल्प थांबवत नाही, पण दोघांनी एकमेकांना माहिती द्या आणि सहकार्य करा. दुसरा लवाद माहितीच्या हक्कावर, तिथे २००३ मध्ये आयर्लंड हरला. आणि २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने उलट आयर्लंडलाच दोषी धरलं, कारण दोन्ही देश युरोपीय संघात असताना हे भांडण घराबाहेर नेलंच कसं? गावातला तंटा ग्रामसभेत न मांडता थेट तालुक्याला गेल्यासारखं. प्रकल्प शेवटी बंद झाला २०११ मध्ये. त्याचं गिऱ्हाईक होते जपानी वीज कारखाने, आणि तिकडे फुकुशिमा झालं होतं.

[दृश्य: फुकुशिमा दाइइची, आकाशातून. राखाडी, निळ्या टाक्यांची दाटी.]

निवेदन:
११ मार्च २०११. भूकंप, मग त्सुनामी. वीज गेली, शीतकरण थांबलं, तीन अणुभट्ट्यांचं इंधन वितळलं. ते वितळलेलं इंधन थंड ठेवायला सतत पाणी ओतावं लागतं, शिवाय डोंगराकडून येणारं भूजल आणि पाऊस तळघरात झिरपतो. हे सगळं पाणी उपसायचं, गाळायचं, टाकीत भरायचं. हजारावर टाक्या झाल्या. तेरा लाख घनमीटरहून जास्त पाणी.

शेजाऱ्यांचा विश्वास मात्र टाक्या भरण्याआधीच उडाला होता. एप्रिल २०११ मध्ये जास्त दूषित पाण्याला जागा करायला कमी दूषित पाणी समुद्रात सोडलं गेलं, हजारो टन. दक्षिण कोरियाची तक्रार होती की आम्हाला आधी सांगितलं नाही. २०१३ च्या जुलैमध्ये प्रकल्प चालवणाऱ्या टेपको कंपनीने कबूल केलं की दूषित भूजल समुद्रात झिरपतंय.

गाळणीचं नाव अल्प्स. आधी रसायन टाकून साका बसवतात, मग शोषक पदार्थ भरलेले स्तंभ एकामागून एक. सिझियमसाठी वेगळा, स्ट्रॉन्शियमसाठी वेगळा, आयोडीनसाठी वेगळा. एकूण ६२ किरणोत्सर्गी घटक परवान्याच्या मर्यादेखाली आणायचे. ट्रिटियम मात्र यात अडकत नाही, आणि कारण साधं आहे. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सर्गी जड हायड्रोजन. तो पाण्यात विरघळलेला नसतो, तो पाण्याच्या रेणूचाच भाग असतो. पाण्यातून मीठ गाळता येतं. पाण्यातून पाणी कसं गाळणार?

आता कॅन्डलची गोष्ट. २०१८ मध्ये उघड झालं की टाक्यांतलं बहुतांश पाणी ट्रिटियम सोडून इतर घटकांतही मर्यादेबाहेर आहे. काही टाक्यांत स्ट्रॉन्शियम-९० मर्यादेच्या वीस हजार पट. कारणं दोन. एक: सुरुवातीच्या वर्षांत प्रकल्पाच्या कुंपणावरची किरणोत्सर्गाची मात्रा लवकर खाली आणायची घाई होती, म्हणून यंत्र थांबवून शोषक बदलणं लांबवलं गेलं. दोन: २०१४ मध्ये गाळणीतल्या वायसरी किरणोत्सर्गाने खराब झाल्या आणि स्ट्रॉन्शियम घेऊन बसलेला साका पुढे निसटला. वायसर. अणुभट्टी वितळल्यानंतर उभारलेल्या एवढ्या मोठ्या गाळणीला वायसरने दगा दिला. हे पाणी पुन्हा गाळल्याशिवाय सोडायचं नाही, असं ठरलं.

आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सिझियम काढणाऱ्या यंत्रातून पाणी बाहेरच्या जमिनीवर सांडलं. धुण्याचं काम चालू होतं. हाताने फिरवायचे १६ व्हॉल्व्ह बंद हवे होते, त्यांतले १० उघडे होते.

[दृश्य: आराखडा. टाक्यांचे तीन गट, पंप, बोगदा.]

निवेदन:
सोडण्याची पद्धत अशी. दहा-दहा टाक्यांचे तीन गट: एकात पाणी भरतं, दुसऱ्याचं मोजमाप चालतं, तिसरा रिकामा होतो. मोजायच्या गटातलं पाणी आधी बरेच दिवस ढवळत, फिरवत ठेवतात, कारण तळाचं आणि वरचं पाणी सारखं नसेल तर नमुना खोटा ठरतो. युरियाच्या द्रावणाची टाकी न ढवळता फवारली तर शेवटच्या पंपाला पानं करपतात, तसंच. मग तपासणी. मग समुद्राच्या पाण्यात मिसळणं: दिवसाला सुमारे ४६० घनमीटर गाळलेलं पाणी आणि त्यात जवळपास ३ लाख ४० हजार घनमीटर समुद्राचं पाणी. म्हणजे सातशेपटीहून जास्त पातळ. पहिल्या खेपेत लिटरला १ लाख ४० हजार बेक्वेरेल ट्रिटियम होतं, पातळ होऊन हिशेबाने १९० च्या आसपास. कंपनीची मर्यादा १,५००. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी १०,०००. तिथून समुद्राखालच्या बोगद्यातून किनाऱ्यापासून एक किलोमीटर आत.

वर्षाची मर्यादा २२ लाख कोटी बेक्वेरेल. वजनात एका ग्रॅमचा सोळावा भाग ट्रिटियम. पातळ केल्याने ही बेरीज बदलत नाही, हा आक्षेप घेणारे बरोबर आहेत. फ्रान्सच्या ला हेग प्रकल्पातून वर्षाला याच्या चारशेपट जातं, हे जपानचं उत्तरही खरं आहे. चीनच्या काही चालू प्रकल्पांतूनही कित्येक पट जातं. त्यावर चीन म्हणतो, आमचं पाणी वितळलेल्या इंधनाला लागलेलं नाही. तेही खरं. प्रश्न ट्रिटियमचा उरतच नाही, बाकीचे ६२ खरोखर निघालेत का, याचा उरतो.

तो एक किलोमीटरचा बोगदा पाहिलात? लंडन कराराच्या बैठकांत वाद रंगला तो त्यावर. एक बाजू म्हणते, हे समुद्रातलं मानवनिर्मित बांधकाम, म्हणून बंदी लागू. जपान म्हणतो, हा जमिनीवरून आलेला पाइपच, जरा लांब.

[दृश्य: आठवडी बाजार. पोत्यावर पसरलेले सुके बोंबील, सुकट. तराजू.]

निवेदन:
समुद्र इथून शेकडो किलोमीटर, तरी तो दर आठवड्याला या पोत्यावर येतो. हा माल आपल्याच पश्चिम किनाऱ्याचा, त्याचा फुकुशिमाशी संबंध नाही. पण सुकी मासळी समजली की मोजमापही समजतं.

बोंबील वाळला की पाणी उडतं, आणि पाण्याच्या रूपातलं ट्रिटियमही त्याबरोबर जातं. सिझियम उडत नाही. ते पोटॅशियमच्या जागी मांसात बसतं, म्हणून वाळल्यावर किलोमागचा आकडा उलट चढतो. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमची नक्कल करतं आणि काट्यात बसतं. जपानी ग्राहक माशाचं मांस खाऊन काटा टाकेल. सुकट खाणारा सगळंच खातो. म्हणून ‘मासा तपासला’ एवढं पुरत नाही. कुठला भाग, ओला की सुका, हे विचारावं लागतं.

बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. कृषी केंद्रातलं पोटॅशचं ५० किलोचं पोतं घ्या, त्यात नैसर्गिक पोटॅशियम-४० मुळे सेकंदाला साडेसात लाखांच्या आसपास अणू फुटत असतात, आणि आपण त्यावर बसून चहा पितो. तेव्हा नुसत्या मोठ्या आकड्याने घाबरू नका आणि नुसत्या लहान आकड्याने निश्चिंतही होऊ नका. कुठला अणू, शरीरात कुठे बसतो आणि किती दिवस, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. ट्रिटियमचं पाणी दहा-एक दिवसांत अर्धं बाहेर पडतं. हाडातलं स्ट्रॉन्शियम वर्षानुवर्षं राहतं.

२०२३ मध्ये मासळीवर किरणोत्सर्ग मोजणारं हातातलं गायगर यंत्र फिरवणाऱ्या चित्रफिती पाहिल्या असतील. ट्रिटियमचे कण इतके दुबळे की बाटलीची भिंतही ओलांडत नाहीत. ते यंत्राला दिसणारच नाहीत. त्यासाठी पाणी ऊर्ध्वपातित करून चमकणाऱ्या द्रावणात मिसळायचं आणि अंधाऱ्या पेटीत प्रकाशाचे ठिपके मोजायचे. सिझियमला जर्मेनियमचा शोधक लागतो. स्ट्रॉन्शियम रसायनाने वेगळं काढून दोन आठवडे थांबावं लागतं.

[दृश्य: टोकियोचा मासळीबाजार. मग शिंपल्यांच्या पेट्या.]

निवेदन:
२४ ऑगस्ट २०२३ ला पहिली खेप सुटली. त्याच दिवशी चीनने संपूर्ण जपानची मासळी बंद केली. चिनी शहरांत लोक मिठासाठी दुकानात धावले, जरी तिथलं बहुतेक मीठ समुद्राचं नसतं. फटका बसला होक्काइदोच्या स्कॅलॉप शिंपल्यांना, फुकुशिमापासून शेकडो किलोमीटर उत्तरेला. ते सोलायला चीनला जात.

दक्षिण कोरियाने त्याआधीच, २०१३ मध्ये, आठ जपानी प्रांतांची मासळी बंद केली होती. जपान जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २०१८ मध्ये जिंकला. २०१९ च्या एप्रिलमध्ये अपिलात निकाल फिरला. अपील मंडळाने मासा सुरक्षित की असुरक्षित हे ठरवलं नाही. पहिल्या मंडळाने फक्त माशातला आकडा पाहिला, तो मासा जिथून येतो तिथली परिस्थिती पाहिली नाही, एवढंच म्हटलं. बंदी टिकली.

[दृश्य: जिनिंगच्या फाटकातला वजनकाटा. कापसाच्या गाड्या.]

निवेदन:
आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ मध्ये जपानची योजना मानकांना धरून असल्याचा अहवाल दिला. चीनने तो मानला नाही. इथल्या शेतकऱ्याला विचारा, व्यापाऱ्याच्या काट्यावर शासनाचा शिक्का असतो की नाही. असतो. तरी तो आधी दुसऱ्या काट्यावर गाडी नेतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये वाट निघाली ती तिथेच. ठरलं असं की संस्थेच्या देखरेखीखाली चीनसह इतर देशांचे तज्ज्ञ स्वतः नमुने घेतील. पाणी तेच, टाकी तीच. बाटली भरणारा हात वेगळा. काही फेऱ्यांनंतर जून २०२५ च्या अखेरीस चीनने बंदी अंशतः उठवली. फुकुशिमासह दहा प्रांत वगळून.

[दृश्य: आरओ खोली. संध्याकाळ. एक बाई रिकामा जार खाली ठेवते, पिशवीतून स्वतःचा टीडीएस मीटर काढते आणि तोटीखाली धरते. प्लँटवाला बाजूला सरकतो. मीटरवर आकडा स्थिरावतो: ९६.]